गुणाकार न करण्याच्या अटीवर

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी परदेशात एका हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीला आणि हल्ली घरीच, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या दिरांनी तो नीट वाचून घ्यावा, कारण माझ्या डोक्याबद्दल सगळ्यात जास्त शंका त्यांनाच, आणि तीही वर्षानुवर्षं.

घाई एवढ्यासाठी की पुढच्या आठवड्यात मी विमानात बसणार आहे. माझी एकुलती एक मुलगी परदेशात असते. तिला कॅन्सर झाला आहे. वकीलबाई म्हणाल्या, मावशी, मृत्युपत्रात आजाराचं नाव लिहायची गरज नसते. मी म्हटलं, मी लिहिणार. आमच्या घरात दुखण्याचं नाव घ्यायचं टाळून टाळून जे व्हायचं ते झालंय. तिचे उपचार सुरू आहेत आणि मी तिच्याजवळ राहायला चालले आहे. या वयात जाणारं माणूस परत येईलच असं नाही, म्हणून हे कागद.

कलम पहिलं. घर.

या घराचा वरचा मजला माझ्या मालकीचा होता. 'होता' का, ते पुढे येईल. घर माझ्या यजमानांनी बांधलं. ते फरशी बसवायचे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही परदेशात गेलो, पाच वर्षं राहू, घरापुरते पैसे जमले की परत येऊ, असं ठरवून. पाचाची एकोणीस झाली.

तिथे गेल्यावर ह्यांना गुणाकाराचं वेड लागलं. दुकानात काहीही उचललं की ओठ हलायला लागायचे, तिकडच्या पैशाचे इकडचे किती होतात याचा हिशोब. "अगं, एवढ्यात तिकडे महिन्याची भाजी येते," असं म्हणून वस्तू परत फळीवर. नवीन गेलेले सगळेच असं करतात, सहा-आठ महिन्यांत सवय सुटते. ह्यांची सुटली नाही. हीटर महाग पडायचा म्हणून आम्ही एकच खोली गरम करायचो. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, आणि न्हाणीघरात जायचं तर कोट चढवून. तो कोटही शेजारणीने टाकून दिलेला. गादी आधीच्या भाडेकरूची, मधे खड्डा पडलेली. पडदे मी हॉटेलातल्या बाद चादरींचे शिवले. लोकांच्या न्हाणीघरांत हे गुडघ्यांवर बसून आरशासारख्या फरश्या बसवायचे आणि आमच्या स्वयंपाकघरातली जमीन पायाला टोचायची. मी कुरकुर केली की म्हणायचे, "इथे कुठे आपल्याला आयुष्य काढायचंय?" अहो, मग ते जे चाललं होतं ते काय होतं!

ह्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात चला म्हणून मी डोकं फोडून घेतलं. एकदाचे आले. मोठ्या डॉक्टरांची फी आणि तपासण्यांचा खर्च ऐकला, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, ओठ हलले. म्हणाले, "यात तिकडे जिना बांधून होतो. सुट्टीला जाऊ तेव्हा तिकडेच दाखवू." जिना बांधून झाला. सुट्टी यायच्या आत हे गेले.

त्यांना इकडे आणायला जो खर्च आला, तो डॉक्टरांच्या फीच्या कितीतरी पट होता. त्याचा गुणाकार कुणी केला नाही. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला घेऊन मी त्याच जिन्याने वर आले आणि इथेच राहिले. अजूनही तो जिना चढताना मला राग येतो.

बांधकामावर देखरेख भाऊजींची, म्हणजे वर सांगितलेले धाकटे दीर. ते खालच्या मजल्यावर राहतात. आम्ही पोटाला चिमटा काढून पैसे पाठवायचो आणि इकडे सिमेंटमध्ये वाळू किती पडली ते देव जाणे. माझ्या मोरीचं पाणी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर गळतं, एवढंच काय ते माझं समाधान.

कलम दुसरं. घराचं पुढे काय झालं.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. काही वर्षांनी जावयांना परदेशात काम मिळालं आणि दोघं गेली. ती निघताना मी बजावलं, "एक गोष्ट ऐक. गुणाकार करायचा नाही. जिथे राहतेस तिथल्या पैशात जगायचं."

"आई, मी काय बाबा आहे?" असं म्हणून हसली.

बापाचीच लेक ती. फोनवर बघावं तर घरात बसलीय आणि अंगात जाड कोट. का गं? तर म्हणे हीटर बिघडलाय. पुढच्या हिवाळ्यातही बिघडलेला, त्याच्या पुढच्याही. जावई मुलगा गुणी आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही, पण दोघांचं एकच टुमणं. इकडे फ्लॅट घेतलाय, त्याचे हप्ते जातात, एकदा का ते फिटले की मग सगळं. मी विचारायची, मग सगळं म्हणजे काय गं? त्यावर नुसतं "अगं आई" म्हणायची.

गेल्या वर्षी असंच बोलता बोलता म्हणाली, "काखेत एक गाठ लागतेय हाताला. दुखत नाही काही. सुट्टीला आले की तिकडेच दाखवीन. इथे तपासण्या म्हणजे परवडतच नाही गं. त्या पैशात तिकडे..."

तिने वाक्य पुरं करायच्या आत मी ओरडले. काय काय बोलले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही. भाऊजी हातातला घास टाकून वर आले. मी फोन ठेवला आणि त्यांना म्हटलं, "वरचा मजला विकायचाय. गिऱ्हाईक बघा. आजच्या आज."

भाऊजी दारातच उभे. म्हणाले, "बाहेरच्याला कशाला, वहिनी? मी घेतो."

मी मुद्दाम चढी किंमत सांगितली. हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणतो, तेव्हा घासाघीस होणार हे धरूनच चालले होते. ते म्हणाले, "बरं." नुसतं "बरं"! दुसऱ्या दिवशी ठेवी मोडल्या, पैसे माझ्या खात्यावर टाकले, आणि मी जिवंत असेपर्यंत वरच राहीन हे खरेदीखतात त्यांनीच घालायला लावलं. जिन्यात मला म्हणाले, "दादाला त्या वेळी मी एक शब्द बोललो नाही. पैसे येत होते, मी घेत होतो." आणि खाली निघून गेले. सबब, सिमेंटबद्दलचं माझं सर्व म्हणणं मी या कागदाने मागे घेत आहे. मोरीबद्दलचं घेत नाही, ती दुरुस्त करावी.

पैसे पोचले तशी ती दवाखान्यात गेली. गाठ काढली. तिथले डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. किती उशीर झाला ते मला कुणी सांगत नाही. मी विचारलं की जावई फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातात आणि तिथून म्हणतात, "आई, तुम्ही या."

कलम तिसरं. पैसे.

बँकेत जे उरलं असेल ते आणि परदेशातून मला जी थोडी पेन्शन येते तिची थकबाकी, हे सगळं माझ्या मुलीला मिळावं. अट एकच, गुणाकार करायचा नाही. कोट नवा घ्यावा, दुकानातून, किमतीची चिठ्ठी न बघता, आणि तो घराबाहेर घालावा. घरातल्या सगळ्या खोल्या गरम असाव्यात, ज्या खोलीत कुणी बसत नाही तीसुद्धा. दवाखान्यातून येताना टॅक्सी करावी. औषध घेतल्यावर तिला मळमळतं आणि ती दोन बसेस बदलत येते, हे मला जावयांकडून कळलं आहे. गादी चांगली घ्यावी. फळं रोज आणावीत, स्वस्त झाल्यावर नव्हे. फ्लॅटचे हप्ते बंद करावेत, जाऊ दे तो फ्लॅट, आग लागो त्याला. दुकानात तिचे ओठ हलताना दिसले तर जावयांनी तिच्या हातातली वस्तू काढून घेऊन सरळ पैसे भरायला जावं. वकीलबाई म्हणाल्या, मावशी, ही अट कोर्टात टिकायची नाही. मी म्हटलं, कोर्टात कोण चाललंय? आई सांगतेय म्हणून करायचं.

कलम चौथं. हत्यारं.

ह्यांची फरशी कापायची कटर, थाप्या आणि पाणसळ पलीकडच्या गवंडीदादांना द्यावी. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे म्हणे. गवंडीदादांना सही करायची फार हौस होती, पण मी म्हटलं, सही की हत्यारं, एक काय ते ठरवा. त्यांनी लगेच ठरवलं.

भांडीकुंडी जाऊबाईंनी न्यावीत, त्यातली निम्मी तशीही त्यांच्याकडेच आहेत. परदेशातल्या आमच्या पहिल्या घरमालकिणीला, जी आंघोळीचे पैसे वेगळे लावायची आणि न्हाणीघराच्या दारावर टकटक करायची, माझ्याकडून काहीही नाही.

कलम पाचवं. मी.

तिकडे मला काही झालं तर तिकडेच काय ते उरकावं. इकडे आणू नये. जो खर्च वाचेल त्याचं काय करायचं ते कलम तिसऱ्यात आहे. भाऊजींनी येऊ नये, त्यांना थंडी सोसत नाही. रडायचं तर खालीच रडावं, मला कळेल.

कलम सहावं.

इथपर्यंत लिहून मी कागद वकीलबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे, एक कलम राहिलं. मग बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसल्या. "मावशी, म्हणजे तसं होणार नाही, पण कायद्याला लागतं. मुलगी जर तुमच्या आधी... तर मग कुणाला द्यायचं? सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं हे. एक ओळ लिहा फक्त."

चांगली मुलगी आहे ती, माझ्या मुलीच्याच वयाची. तिच्यावर मी चिडले नाही. पेन घेतलं आणि लिहायला बसले.

माझी मुलगी माझ्या हयातीत जर

याच्यापुढे मी लिहिणार नाही. ती नसली तर हे पैसे कुणाचे, ते सरकारने ठरवावं, नाहीतर भाऊबंदांनी डोकी फोडावीत, मला त्याचं काय! नवरा गेला, ते मी सोसलं. मला माझ्या मागे कुणीतरी उरलेलं हवं आहे, ती उरलेली हवी आहे. वाक्याच्या पुढची जागा कोरी आहे. ती चुकून राहिलेली नाही. साक्षीदारांनी तिच्यालगत सही करावी, म्हणजे मागाहून तिथे कुणाला काही लिहिता येणार नाही.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबावं लागलं.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही केली. कोरी जागा पाहिली.

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर, खालचा मजला. सही केली. कोरी जागा पाहिली. कोरीच राहू दे.

स्थळ: राहतं घर, वरचा मजला, स्वयंपाकघर
दिनांक: अकरा नोव्हेंबर