अगदी चालू कंडिशनमध्ये

प्रिय धाकट्या,

गेल्या रविवारी सकाळी मी तुझ्या पळायच्या मशीनवर बसून देवाचं नाव घेतलं. थट्टा नाही. आंघोळ करून आलो, तर बाहेरच्या खोलीत मांडी घालायला तेवढा काळा पट्टाच उरला होता. पुढ्यात तुझा सोफा, पाठीमागे तुझे दोन फ्रिज. डोळे मिटले, मन जरा कुठे लागत होतं, एवढ्यात झाडता झाडता हिच्या झाडूचा दांडा कुठल्याशा बटणाला लागला आणि मी मांडीसकट मागे जाऊन फ्रिजवर आपटलो. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे निघालास रे?" ही हसून हसून खाली बसली. मला मात्र हसू आलं नाही.

आई स्वयंपाकघरात का होती, हे तू कधी विचारलं नाहीस. तिची खाट खिडकीशी असायची. कोण कामावर उशिरा निघालं, कोणाची सून कोणाशी बोलत उभी राहिली, सगळं तिला तिथून दिसायचं. पाय गेल्यापासून तेवढंच तिचं फिरणं. मग तुझं तीन दारांचं कपाट आलं आणि ते खिडकीपुढे सोडून कुठे मावेना. तेव्हापासून आई सिलिंडरशेजारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. तक्रार नाही. "धाकट्याने प्रेमाने दिलंय," म्हणते.

प्रेमाने! फोनवर तुझं ठरलेलं, "दादा, अगदी चालू कंडिशनमध्ये आहे, टाकवत नाही रे." मीही भोळा. छापखान्यात दिवसभर पुस्तकं बांधून घरी यावं, तर दारात टेम्पो. भाऊ आठवण ठेवतो म्हणून ऊर भरून यायचा. मग उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो. मी गॅलरीत चहा पीत होतो. आत तुझी बायको म्हणाली, आहे तो टीव्ही काय वाईट आहे, आणि जुना ठेवणार कुठे? तू म्हणालास, "दादा आहे ना."

तो चहा कसा संपवला ते माझं मला माहीत. म्हणजे तू मला काही देतच नव्हतास. माझं घर तुझ्या घराची मोरी. इकडून वाहून जातं, म्हणून तिकडे नवं ओतता येतं. आणि वर नाव तुझंच. मावशीचा जावई चारचौघांत म्हणाला, "धाकट्याने थोरल्याचं घर भरलं हो!" तू मान खाली घालून हसलास. नाही म्हणाला नाहीस.

याहून वाईट गोष्ट माझ्या घरात झाली. माझी लेक विचारते, काका नवा फोन कधी घेणार? ही म्हणते, त्यांना सोफ्याचा रंग आवडेनासा झालाय वाटतं. आम्हाला काय लागतं ते आम्हाला ठाऊक होतं. आता तुला काय नकोसं होतंय त्यावर आमचं लक्ष. माझ्या घरात हाव आली, तीही वापरलेली.

तू म्हणतोस, दादा, तुला जगायचं कळत नाही. नसेल कळत. पण संध्याकाळी हातावरची खळ धुवून मोकळ्या फरशीवर पाठ टेकली की देवाकडे मागायचं काही आठवायचं नाही. हे सुख माझं होतं रे. ते तू टेम्पो भरभरून बुजवलंस, आणि तुझ्या हाती तरी काय लागलं? टीव्ही मोठा झाला, पण त्याच्यापुढे बसायला तुला वेळ नाही. पळायची मशीन घेतलीस आणि लिफ्ट बंद म्हणून मला भेटायला खाली आला नाहीस. याला जगणं म्हणत असशील तर ते तुझं तुला लखलाभ.

मी मनातलं सांगितल्यावर ही दोन दिवस भांडी आपटत होती. लेक रडली, म्हणाली, "बाबा, तुम्हाला आमचं काही चांगलं झालेलं बघवत नाही." लागलं मला ते. पण मी मागे हटलो नाही, आणि आज पहाटे ते कपाट हलेना तेव्हा दुसरी बाजू धरायला हीच पुढे आली. आता आई परत खिडकीशी आहे. आल्या आल्या तिने रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी भांडण काढलं.

हे पत्र टेम्पोवाल्यानेच तुझ्या हातात दिलं असेल. सोफा, कपाट, जुना टीव्ही, दोन्ही फ्रिज, मशीन, सगळं त्याच्या गाडीत आहे. भाडं मी दिलंय. परत काही आणायचं नाही, असं त्याला बजावलंय. तू चढवायला गेलास तरी तो घेणार नाही. मला आज फोन करू नकोस, मी उचलणार नाही. खाली जा आणि सामान उतरवायला हात लाव. त्याच्या एकट्याच्याने कपाट उतरायचं नाही.

तुझाच,
दादा