वेशीचा पाया

चैत्र व. ३, सोमवार
आज कामाला हात घातला. रेल्वेच्या ठेकेदाराचं सुरुंगाच्या दारूचं कोठार उडालं ते होळीच्या सुमारास, तरी वेशीजवळ गेलं की घशात अजून तोच वास. कमान अर्धी उभी, दरवाजांचा कोळसा. वेशीबाहेरचं सगळं रान काळं. तहसीलदारसाहेबांचा हुकूम : पावसाआधी खड्डे खणून रोपं लावा, वेस उभी करा. जंगलखात्याचा दारोगा म्हणून दोन्ही माझ्याच गळ्यात.

चैत्र व. ५
मजूर बायांत गोदाक्का आली. कोठाराचा राखणदार त्या आगीत गेला, त्याची बायको. टिकाव उचलण्याआधी तिनं मला बाजूला बोलावलं. म्हणाली, कोठारात जागा उरली नव्हती, म्हणून ठेकेदाराच्या मुनशीच्या सांगण्यावरून नवऱ्यानं दारूचे काही डबे रानात पुरले होते. वेशीच्या अंगाला, एका पळसाखाली. आता पळस कोणता नि लिंब कोणता? सगळी सारखीच खुंटं.
"मग तू कामाला का आलीस?"
"मी न्हाई आले तर दुसरी येईल, साहेब. तिला ठावं न्हाई."
बायांना खरं ते सांगितलं. टिकाव तिथंच टाकून गेल्या.

चैत्र व. ६
घाटनांदूरला ठेकेदाराच्या तळावर जाऊन आलो. तो म्हणतो, एक डबा उरलेला नाही, बाई भरपाईसाठी बडबडते. मुनशीला विचारलं. त्यानं मान वर केलीच नाही.

चैत्र व. ८
तहसीलदारसाहेबांना भेटलो. पान लावता लावता ऐकून घेतलं. म्हणाले, इतका घाबरट माणूस खात्याला कशाला हवा? हुकूम कायम.
घरी ही विचारते, जेवत का नाही. काय सांगू? अंगणात चालतानाही पाऊल जपून टाकतो.

चैत्र व. १२
महादू धनगरानं तोड सुचवली. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा चारायच्या नि रानात बसवायच्या. लेंड्यांतून बी पडतं, खणायला नको. शेळ्या रानात सोडायला खात्याची बंदी आहे. सोडल्या. कळप आत शिरला तेव्हा मी बांधाआड बसलो होतो. महादू कळपाच्या पुढं चालत होता. लाज वाटली, पण उठवेना.

वैशाख शु. ४
रानाचं निभावेल. वेशीचं नाही. गवंडी म्हणतो, डावीकडचा पाया उकरल्याशिवाय कमान धरणार नाही. पहार लावू दिली नाही. गोदाक्का नि मी खुरप्यानं माती ओढत बसलो. दुपारी तिचा हात थांबला. पत्रा. कडेनं काहीतरी चिकट पाझरलेलं; अशी पाझरलेली दारू नुसत्या धक्क्यानंही उडते. उचलायची भीती, ठेवायची भीती. माती परत लोटली, वर काट्या टाकल्या.
बाकीचे कुठं, विचारलं.
"किती पुरले ते त्यांनीबी मोजलं नव्हतं."
साहेबांना निरोप धाडला.

वैशाख शु. ९
उत्तर आलं, तेही असं. पाटोद्याकडची मजुरांची टोळी आणलीय, सोबत साहेबांचा शिपाई. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. सांगितलंय एवढंच, की दारोग्याचं डोकं फिरलंय. सकाळी येऊन बघतो तर गोदाक्का काट्यांपुढं बसलेली. मला म्हणाली, "तुमी घरी जावा. तुमची बायको हाय, नोकरी हाय." गेलो नाही. शेजारी बसलो.
शिपाई म्हणाला, खणा. टोळीचा मुकादम पहार घेऊन पुढं आला. मी म्हणालो, आधी ऐकून घे, मग खण. गोदाक्कानं नवऱ्याचं नाव सांगितलं, काट्यांकडं बोट केलं. मुकादमानं शिपायाकडं पाहिलं, मग आमच्याकडं, आणि उकिडवा बसला.
हे तिथंच बसून लिहितो. शिपाई साहेबांना कळवायला घोड्यावरून कचेरीकडं गेलाय. मुकादम अजून बसलेला आहे. पहार हातातून खाली ठेवलेली नाही.