डब्यातली चमचाभर साखर

१७ जानेवारी
रिपोर्ट आला. उपाशीपोटी शुगर काठावर, इन्सुलिन मात्र बरंच जास्त. मला वाटलं, जास्त म्हणजे चांगलंच. डॉक्टर हसल्या. "शुगर काबू में है मॅडम, क्योंकि इन्सुलिन डबल ड्यूटी कर रहा है." पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्यात, म्हणून स्वादुपिंड अजून अजून पाठवतं. काही वर्षं निभतं. मग ते थकतं.
आईचं थकलंय. रोज पोटात सुई टोचून घेते.
तिला सांगायचं नाही. म्हणेल, माझ्याकडूनच आलं.

१९ जाने.
अवि ऑफिसातून येताना बडा गणपती भागात, सासुरवाडीला डोकावला. आईचा डबा. गुळपोळ्या, सहा. दोन खाल्ल्या, उभ्याउभ्याच.

२० जाने.
वाचत बसले. साखर आलीय, दार उघडा, असं पेशीला सांगणारं ते इन्सुलिन. स्नायूंत, यकृतात आधीच चरबी साठली असली की दार नीट उघडत नाही. मग आणखी हाका. दोष एकट्या साखरेचा नाही. वजन, बैठं काम, घराणं. माझ्यात तिन्ही. चालता स्नायू म्हणे हाकेची फारशी वाटही बघत नाही, साखर ओढून घेतो.
आईला 'नको' मी कधी म्हटलंय? पेशी माझ्याहून धीट.

२३ जाने.
डबा धुतला. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून सवयीनं चमचाभर साखर टाकली. आणि हात थांबला. डायबिटीसच्या आईला इतकी वर्षं मी साखर पाठवतेय.
फोन केला. त्या साखरेचं करतेस काय?
"चहात घालते. तेवढीच बेटा. तू पाठवलेली फेकू कशी?"
मग राहवेना. रिपोर्टचंही सांगून टाकलं. "म्हणजे आपण दोघी एकमेकींना..." आणि फोन ठेवला.

२४ जाने.
साखर बरणीत परत. डब्यात कुंडीतल्या कढीपत्त्याची डहाळी. बघून काय वाटेल तिला.
जेवणानंतर वीस मिनिटं चालले. गुडघा कुरकुरतोय.

२८ जाने.
अविनं डबा आणला. मेथीची भाजी. खालच्या पुडात एकच गुळपोळी, चार तुकडे केलेली, आणि चिठ्ठी: "एक तुकडा तुझा, तीन जावईबापूंचे. आज लालबाग पॅलेसपर्यंत चालत गेले. येताना ऑटो केली, रागावू नकोस."
तीन वेळा वाचली.
टेस्ट पुन्हा एप्रिलात.
माझा तुकडा खाल्ला. अवि अंघोळीला गेलाय. ताटलीत तीन आहेत.