खड्ड्यातली स्वच्छ हवा

१४ नोव्हेंबर

चि. चिमणी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. प्रयोगशाळेत तपकिरी वायू पाहून तू टाळ्या पिटल्यास, हे वाचून हसू आलं. तू विचारलंस, "काका, तुम्ही आणि बाबा पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात क्लोरिन हाताळायचात. मग सांगा, काही वायूंना रंग असतो, काहींना नसतो, असं का?"

प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात. वायूतले इलेक्ट्रॉन त्यातला एखादा तुकडा गिळतात. उरतो तो आपल्याला दिसतो. क्लोरिन जांभळा-निळा गिळतो, म्हणून पिवळट हिरवा दिसतो. प्राणवायू, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांचे इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले. त्यांना हलवायला अतिनील प्रकाश लागतो, आणि तो आपल्याला दिसतच नाही. दिसणारा प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो. हे मला फार उशिरा, पुस्तकं चाळून कळलं.

एवढं उत्तर पहिल्याच दिवशी लिहून झालं होतं. पाकीट मात्र बंद करवेना.

तुझा बाबा आणि मी एकाच पाळीत होतो. क्लोरिनच्या खोलीत शिरण्याआधी आम्ही दाराच्या काचेतून नजर टाकायचो. तो म्हणायचा, "दादा, हा शत्रू बरा. तोंड दाखवून येतो."

त्या दुपारी व्हॉल्व्ह दुरुस्त करायला खड्ड्यात उतरायचं होतं. झाकण कित्येक महिन्यांनी उघडलेलं. हवा तपासायचं यंत्र आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ऊन रणरणतं. तुझ्या बाबाने विचारलं, "दादा, यंत्र आणू का?"

मी वाकून पाहिलं. तळातले बोल्टसुद्धा मोजता आले असते. वासही नव्हता.

"कशाला हेलपाटा? लख्ख आहे आत. उतर."

सहाव्या पायरीवर त्याचा हात सुटला. मी मागोमाग शिरणार, तोच फिटरने मला कमरेला धरून ओढलं. बंद खड्ड्यातला प्राणवायू गंजाने खाऊन टाकला होता, आत तो उरलाच नव्हता, हे नंतर कळलं.

अहवालात लिहिलं, 'कर्मचारी परवानगीविना उतरला.' साहेबांनी कागद पुढे सरकवला, मी सही केली. तुझी आई अजून म्हणते, "घाईने घात केला त्यांचा." सणावारी मला जेवायला वाढताना म्हणते. मी खाली मान घालून जेवतो.

आता मला स्वच्छ हवेचीच धास्ती वाटते. रिकाम्या खोलीत शिरण्याआधी मी उंबऱ्याशी थांबतो. काहीच दिसलं नाही की पाय उचलत नाही. परवा शेजारीण म्हणाली, "कोणी आहे का आत?" कधीकधी आतून तो अगदी सहज विचारतो, "आणू का?"

काल कारखान्याच्या कार्यालयात जाऊन खरा जबाब लिहून दिला. कारकून म्हणाला, "बारा वर्षांनी कशाला उकरून काढता, आजोबा?" पोचपावती घेतल्याशिवाय उठलो नाही. जबाबाची नक्कल सोबत आहे.

हे सांगायला तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत फिरलो. जीभ रेटेना. हे पत्र आईला तूच वाचून दाखव. ती रागावेल, रागावू दे. पण एवढं तिला नीट कळू दे, की तुझ्या बाबाने घाई केली नव्हती. त्याने विचारलं होतं.

त्याला 'उतर' म्हणणारा,
काका