फौजदारबाईंचा भाऊ

कोल्हापूर,
मंगळवार

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या हंबीररावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळी बरी आहेत. तुझं बीपी कसं आहे, गोळी वेळेवर घेतेस का, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारतो. दाजी गेल्याला दहा महिने झाले आणि आपण बोलल्यालाही तेवढेच. बहिणीचा दुखवटा भावानं काढायचा, साडी द्यायची, गोडाचं जेवण घालायचं, मग तिनं चारचौघांत जायला लागायचं, ही आपली रीत. आणि मी तेराव्याला आलोच नाही. त्यामुळं तू अजून कुणाच्या लग्नाला जात नाहीस की बारशाला, असं कानावर येतं. पत्राचा विषय तोच आहे, पण आधी मालिकेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्या अनुजानं (नातीला सुट्टी आहे, म्हणजे टीव्ही तिचा आहे) कुठल्यातरी थंड देशातली खुनाची मालिका लावली. माणसं गोरी, पण हिंदीत बोलतात. एक फौजदारबाई आहेत, त्यांच्या नवऱ्याचा खून होतो आणि तपासही त्याच करतात. नवरा पहिल्या पाच मिनिटांत गेला. त्यानंतर बाई रोज अंधारात एकट्या बसतात (लाइट तोडली असावी, असा माझा पहिला अंदाज होता) आणि नुसती काळी कॉफी पितात. आपल्याकडं असं झालं तर शेजारच्या चार घरांतून पिठलं-भाकरी येते, नको म्हटलं तरी येते. तिथली शेजारीण पडदा सरकवून बघते आणि पुन्हा सोडते. मी ओरडलो, "अगं, बघतीस काय, भाकरी घिऊन जा की!" अनुजा म्हणाली, आजोबा, याला ट्रॉमा म्हणतात. मी म्हणालो, याला घरात माणसं न येणं म्हणतात. दुसऱ्या भागात त्या नवऱ्याला पुरलं, तेव्हा मी सवयीनं उठून आंघोळ करून आलो. तेवढ्यात एक महत्त्वाचा पुरावा सापडून गेला, आणि खून कुणी केला ते मला अजून नीट कळलेलं नाही.

तरी मी मालिका सोडली नाही. पाचव्या भागात बाईंचा सख्खा भाऊ उगवला. मी सरसावून बसलो, म्हटलं आता हा बहिणीला घेऊन जाणार. तर त्यानं गाडीसुद्धा बंद केली नाही! दारातच फुलं दिली, काही लागलं तर सांग म्हणाला आणि गेला. मी गुडघा विसरून उठलो आणि टीव्हीवर धावलो, "असला कसला भाऊ रं तू! लाज हाय का तुला?" सूनबाई क्रांती मोबाईलमध्ये नसलेलं काहीतरी शोधायला लागली. तुझी भावजय लसूण सोलत होती, ती मान वर न करता म्हणाली, "दारापातूर तरी गेलता की त्यो. काय जण तेवढंबी करत न्हाईत." मी खाली बसलो.

आता इतके महिने माझा राग कशाचा होता ते ऐक. दाजी गेल्याचं तुझ्या सम्राटनं पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं, कुणाच्या तरी नव्या ट्रॅक्टरच्या फोटोखाली. मला, सख्ख्या मामाला, वेगळा फोन नाही! त्याखाली आपल्या भावकीतल्या आकारामनं अंगठा दाखवलेला (त्याला वाटलं ट्रॅक्टरवरच बोलणं चाललंय). मी दाजींच्या मातीला आलो, लांब उभा राहिलो आणि पाणीही न पिता परत फिरलो. समोर बाप ठेवलेला असताना पोरगं कुणाकुणाला फोन करत बसेल, हे मला कळायला थंड देशातली बाई लागली. आक्का, मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी साडी घेतली. दुकानदारानं विचारलं, कार्य काय? मला सांगता येईना, तर त्यानं शालू पसरले. त्यातून कशीबशी निळ्या काठाची साधी साडी काढली आणि तडक गारगोटी गाठली. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तू दारात गहू निवडत होतीस. तुझे केस एवढे पांढरे कधी झाले? मी एका टेम्पोच्या आड झालो. तेवढ्यात मागून सम्राट, "मामा, हिकडं कुटं?" मी म्हणालो, बाजाराला आलतो. ते खरं दिसावं म्हणून त्याच्यासमोर दोन खराटे घेतले आणि पुढची एसटी धरून घरी आलो. तुझ्या भावजयीनं खराटे घेतले, काखेतली साडी बघितली आणि ती पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

म्हणून आता पक्कं ठरवलंय. येत्या गुरुवारी येतो, उजेडी, पुढच्या दारानं. तू दार लावलंस तरी पायरीवर बसेन. शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं तापल्या लोखंडापुढं उभा राहिलेला माणूस आहे मी, तुझ्या उंबऱ्याला भिणार नाही. दाजींच्या फोटोला नमस्कार, सम्राटला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
हंबीर

ता. क. साडी आवडली नाही तर शिव्या दे, पण तोंडावर दे. ग्रुपवर नको.

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं धाडस झालं नाही, ते खिशातच राहिलं. आज गुरुवार. आठच्या गाडीनं आलोय आणि गारगोटीच्या स्टँडवरच बसून आहे, अकरा वाजले. पिराजी रिक्षावाल्याच्या हाती हे पत्र देतोय. उंबऱ्याचं वर लिहिलंय ते खोटं आहे, भ्यालोय. दुखवटा काढायला भावानंच घरी यायचं असतं, कळतं मला. पण स्टँडापासून घरापर्यंत तेवढं मला न्यायला ये. सम्राटला पाठवू नकोस, आक्का. तूच ये.