धाकटीला उचलण्याइतके बळ

मी, खाली सही करणारी, पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मला मरायला सवड नव्हती. आजही नाही.

१. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर हे माझ्या कमाईचे घर आहे. माझ्यानंतर ते माझ्या बहिणीचे. लहानपणी तापात तिचे पाय गेले. केस पिकले तरी आम्ही तिला धाकटीच म्हणतो. ती हयात असेपर्यंत हे घर कोणी विकू नये, गहाण टाकू नये आणि तिला येथून हलवू नये. तिच्यानंतर घर आमच्या भावाला मिळावे, परंतु त्याने कलम चार पाळले तरच.

२. असे का, ते सांगणे भाग आहे. धाकटीला सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर मी उचलून ठेवते. आई गेल्यापासून हे काम माझे. गेल्या वर्षी माझा हात सुटला आणि आम्ही दोघी जमिनीवर. नेमका भाऊ दारात. त्याने आम्हाला उठवले, पाणी दिले आणि म्हणाला, "ताई, तुला ती उचलवेनाशी झाली की मी तिला संस्थेत ठेवणार. उद्या हाड मोडलं तर तुमचं दोघींचं कोण करणार?" त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तेव्हापासून तो दर रविवारी येतो, चौकटीला टेकून उभा राहतो आणि मी तिला कशी उचलते ते बघतो. मला उचलता आले की चहा पिऊन जातो. या रविवारांचा मला त्याच्यावर राग आहे आणि तो मी येथे लिहून ठेवते.

३. व्यायामाचे सामान: वाळू भरलेले दोन डबे, रबरी पट्टा आणि चालायचे बूट. बूट अगदी कोरे आहेत, त्यावरून काय ते समजावे. मांड्या आणि पाठ टिकवायची तर रोजचा व्यायाम, दुसरा इलाज नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी जन्मभर भोंग्यावर कामाला गेले, कधी उशीर केला नाही. पण या उठाबशांपुढे माझे काही चालत नाही. भिंतीवर वेळापत्रक लावले. आठवड्यात ते दिसेनासे झाले. शेजारच्या शिलाईवालीबरोबर चालायला निघाले. कोपऱ्यापर्यंत जाऊन गप्पा मारून परत आलो. सकाळी गुडघा धरतो, दुपारी जेवण अंगावर येते, संध्याकाळी मी म्हणते, उद्यापासून नक्की. मला भीती वाटते, फार वाटते, आणि तरीही मी पलंगाच्या कडेला नुसती बसून राहते. असे का होते, ते मला खरोखर कळत नाही.

मध्यंतरी धाकटी मला हलकी वाटू लागली. मला वाटले, केलेल्या चार उठाबशा अंगी लागल्या. भावासमोर मी तिला अशी झटक्यात उचलली की तोही म्हणाला, जमतंय की ताई. मग काय, मी जास्तच ढिली पडले. पुढे एकदा शिलाईवाली धाकटीचे झगे घेऊन आली आणि म्हणाली, "अजून किती आत घेऊ? आता घ्यायला जागाच नाही राहिली." तेव्हा मी बहिणीच्या मनगटाकडे नीट पाहिले. मी ताट देऊन स्वयंपाकघरात गेले की ती अर्धे अन्न खिडकीतल्या मांजराला घालत होती. मांजर कशाने एवढे फुगले, तेही तेव्हाच कळले.

मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुझ्याच्यानं व्यायाम होत नव्हता. म्हटलं, मग माझं वजन तरी कमी करू. दोघींतून एकीनं तरी काहीतरी करायला नको का?"

मी रागावले, रडले, हात जोडले. घरातला सगळा हट्ट तिच्या वाट्याला आलेला. तिने अट घातली: मी व्यायाम पुरा केला तर ती पुरे जेवेल, मी अर्धा सोडला तर ती अर्धे. आता तरी ही चुकणार नाही, असे वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटले होते. काल मी सगळाच चुकवला. ती उपाशी झोपली आणि मी तिच्या शेजारी जागी राहिले.

४. भावाने धाकटीला याच घरात, स्वतःच्या हातांनी उचलावे. चौकटीला टेकून कोणी उचलले जात नाही. एक हात तिच्या गुडघ्यांखाली, दुसरा पाठीमागे. वाकायचे ते गुडघ्यांत, कमरेत नाही. ती गळ्यात हात टाकून "हं" म्हणते. त्याआधी उचलू नये, ती दचकते. वाळूचे डबे आणि पट्टा मी त्याला देते. बाबा रे, आजपासूनच सुरू कर. जिना चढून आलास की तुला धाप लागते. रविवारी मीही बघत असते.

५. बांधणीची मोठी कात्री शिलाईवालीला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे दुसरा साक्षीदार, कोपऱ्यावरचा औषधवाला, म्हणतो. म्हणून कात्री तिच्या मुलीला. दाभण व लोखंडी प्रेस कारखान्यात ज्याला हवे असेल त्याने न्यावे. मांजराला काही देऊ नये. त्याने बरेच खाल्ले आहे.

६. माझ्याजवळ द्यायला हवे होते ते अंगातले बळ, आणि ते कोणाच्या नावे करता येत नाही.

साक्षीदार आले आहेत. धाकटी ताटावर बसली आहे, अजून हात लावलेला नाही. आधी उठाबशा, मग सही.

ठिकाण: राहते घर
दिनांक: आजचा रविवार, भाऊ येण्यापूर्वी

(सही)
धाकटीची ताई

साक्षीदार: वरील बाईंनी आम्हा दोघांसमक्ष शुद्धीत सही केली. त्याआधी त्यांनी उठाबशा काढायला घेतल्या, त्या अर्ध्यावर थांबल्या. धाकटीनेही ताट अर्ध्यावर थांबवले. भाऊ जिना चढत आहे. बाई भिंत धरून पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. धाकटीने अजून हात धुतलेला नाही.

(सही) शेजारची शिलाईवाली
(सही) कोपऱ्यावरचा औषधवाला