डाव्या कानातली मोहरी

चीराला,
सोमवार, ११ फेब्रुवारी २०१९

चि. वल्ली,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सुखरूप आहोत, तूही तिकडे सुखरूप असशील. हे वाक्य मी बावीस वर्षं नववीच्या पोरांकडून घोकून घेतलं. आज लिहिताना पेन अडलं.

अम्मा बरी आहे. माझ्याशी लागेल तेवढंच बोलते, पण ताट वाढते. मांजरीने तुझ्या फिजिक्सच्या वह्यांच्या खोक्यात तीन पिल्लं घातली आहेत, तिला कुणी हलवलेलं नाही. भीमावरमला मावशीकडे तू कशी आहेस ते सुजनापिन्नीच फोनवर सांगते. तू कानात औषध घालून घेतेस, फोन उजव्या कानाला लावतेस आणि माझं नाव निघालं की तो तिच्या हातात परत देतेस. म्हणून हे पत्र.

बुधवारी पोलीस तुझा जबाब घ्यायला भीमावरमला येणार आहेत. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या पहाटेच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे.

कॉलेज बंद आहे. गुरुवारी जे झालं ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. गेटसमोर दोनशे आईबाप होते. मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं, हातात माइक दिला. ‘बोला मास्टारू, तुमच्याशिवाय कोण बोलणार!’ आणि मी बोललो. म्हणालो, इथे दर शनिवारी परीक्षा, रविवारी सकाळी भिंतीवर यादी, सोमवारी मार्कांप्रमाणे वर्गांची उलथापालथ. पहिल्या सेक्शनला पंखे आणि चांगले मास्तर, सातव्याला नुसती भिंत. म्हणालो, हे डॉक्टर घडवत नाहीत, हे सतरा वर्षांच्या लेकरांना सोलतात आणि सालांचा ढीग मागच्या दाराने घरी पाठवतात! यातला शब्द न् शब्द खरा आहे, वल्ली. मी आजही तो मागे घेत नाही.

मग मी म्हणालो, ‘माझ्या लेकीच्या कानाचा पडदा फाटला आहे. या हॉस्टेलच्या वॉर्डनने, या सुवार्तम्माने फाडला आहे!’

पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही. आधी काचा गेल्या. मग कॉम्प्युटर वरच्या मजल्यावरून खाली आले. मग सुवार्तम्माला मेसच्या स्वयंपाकघरातून केसांना धरून बाहेर ओढलं. तिचीच छडी तिच्या हातावर मोडली. छडी मोडल्यावर कुणीतरी लोखंडी पळी आणली. तिसऱ्या घावाला हाड मोडलं, ते मला ट्रॉलीवर ऐकू आलं. एका बाईने भरलेला डबा तिच्या तोंडावर आपटला. चष्म्याची काच भुवईत घुसली. ती ‘अय्या, अय्या’ अशी मला हाक मारत ट्रॉलीकडेच बघत होती.

माइक माझ्या हातात होता. चालू होता. ‘बास’ एवढा एकच शब्द पुरला असता. हजारांच्या सभा मी एका शब्दावर बसवलेल्या आहेत. तो शब्द मी उच्चारला नाही.

शनिवारी मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिच्यावर गुन्हा दाखल आहे, कॉटशेजारी महिला पोलीस बसलेली असते. मला बघून सुवार्तम्मा हसली. अर्धंच तोंड हललं.

‘या मास्टारू. आज माइक नाही आणला?’

मी स्टूल ओढून बसलो.

‘खोटं कशाला बोलू? देवापुढे उभं राहायचंय,’ ती म्हणाली. ‘पोरींना मारलंय मी. मार्क पडले की वरून सांगतात, धाक दाखव. नाही दाखवला तर मला घरी बसवतील. पण तुमच्या पोरीला नाही मारलं. मी छडी उचलायच्या आधीच ती हात पुढे करायची आणि डोळे मिटायची. कुणी शिकवलं होतं तिला कुणास ठाऊक. माझा हातच उठेना.’

कुणी शिकवलं ते मला ठाऊक होतं.

घरी येऊन अम्माला म्हणालो, या व्यवस्थेनेच माणसामाणसांत... ती म्हणाली, ‘घरात माइक नाहीये. मला सरळ सांगा, त्या रविवारी मी नळावर डबे धुवायला गेले तेव्हा काय झालं?’

तिला सांगितलं, तेच आता तुला लिहितो.

आउटिंगचा रविवार. गेटच्या आत गुलमोहराखाली आपली चटई. तुझी बोटं पुस्तकात, म्हणून मी तुला घास भरवत होतो. सगळेच बाप भरवत होते. एका हाताने लेकराला घास आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर आलेले मार्क. ही आपली रीत. माझ्या मोबाइलवर तुझे सातशेवीसपैकी चारशे बारा. शेजारच्या चटईवर बँकेतल्या मल्लिकार्जुन रावांची पोर, सहाशे तीन. त्यांनी लाडू पुढे केला. ‘घ्या मास्टारू. आणि आता जरा भाषणं कमी करा, पोरीकडे बघा.’

मी हसून लाडू घेतला. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या मनगटावर पेनाने आकडे लिहिले होते. आधीच्या शनिवारचे चारशे शहाऐंशी, कालचे चारशे बारा, आणि खाली गेल्या वर्षी सरकारी कॉलेजात शेवटची जागा ज्या मार्कांना गेली ते. घामाने ते निळे पसरले होते. तोंडात घास होता, म्हणून तू हळू बोललीस, ‘नान्ना, माझा नंबर नाही लागणार. केलेलं पेपरात पुसून जातं. मला घरी घेऊन चला ना.’

पुलिहोराचा, फोडणीच्या चिंचभाताचा, पुढचा घास माझ्या हातात होता. त्याच हाताने मारलं.

तू ओरडली नाहीस. तोंडातला घास गिळलास. मग कानातून रक्ताचा थेंब ओढणीवर पडला, तो मी पाण्याने पुसला आणि म्हणालो, ‘अम्माला सांगू नको, पुढच्या शनिवारी पाचशे आण.’ पाचशे आण! भाजी आणायला सांगावी तसं.

त्यानंतरच्या बुधवारी तुला ताप चढला म्हणून हॉस्टेलने बोलावलं. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? तू माझ्याकडे पाहिलंस. तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, वॉर्डनने. अम्मा औषधं आणायला बाहेर गेली, मग डॉक्टरांनी चिमट्याने खपली काढली. तिच्याबरोबर हळदीचं एक शीत आणि मोहरीचा एक दाणा बाहेर आला. त्यांनी तो कापसावर ठेवून मला विचारलं, ‘वॉर्डन जेवत्या हाताने मारते का हो?’ ते हात धुवायला वळले तेव्हा मी तो कापूस खिशात घातला.

तू हे सगळं ऐकत होतीस. उजव्या कानाने.

उद्या दहा वाजता मी पालकांना त्याच गेटवर बोलावलं आहे. त्यांना वाटतंय, मी आणखी कुणाचं तरी नाव घेणार. घेणार आहे. ट्रॉली तीच आहे, माइक मी स्वतः सांगून ठेवला आहे. नाव घेतल्यावर ते काय करतील ते मला माहीत आहे, मी त्यांना शिकवलं आहे. त्यातून चालता आलं तर तिथून पोलीस ठाण्यात. कापूस शर्टाच्या खिशात आहे. ठाण्यापर्यंत न्यायला अम्मा सोबत येणार आहे. ‘तुम्हाला सावरायला नाही,’ म्हणाली, ‘तो दाणा हरवू नये म्हणून.’

बुधवारी पोलिसांना तू खरं सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस आणि माझ्याविरुद्ध बोलावं लागतंय म्हणून रडू नकोस. तुझ्या आधी मी सांगितलेलं असेल.

मेमध्ये परीक्षेला बसायचं की नाही ते तू ठरव. बसलीस तर मार्क मला कळवू नकोस. मी विचारणार नाही, कुणाच्या मोबाइलवर बघणारही नाही. कानाला किती ऐकू येईल ते तीन महिन्यांनी कळेल म्हणाले. तेवढं मात्र पिन्नीला मला कळवायला सांग.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘तुझा नान्ना’ असं लिहिलं. आज लिहीत नाही. तो शब्द तुझ्याकडे ठेव, परत द्यावासा वाटला तर दे.

त्याच उजव्या हाताने,
नागभूषणम्